मेंदीच्या कुंपणाचा जीर्णोद्धार

घराची अवकळा प्रथम कोठें दिसूं लागते, असा प्रश्न कोणीं केला तर बहुतेक लोक छपराकडे किंवा भिंतीच्या पोपड्यांकडे बोट दाखवितील. आमचा अनुभव निराळा आहे. ती प्रथम कुंपणावर दिसते. छपराची गळती घरच्या माणसांसच ठाऊक असते. परंतु मेंदीची वई तळाशीं उघडी पडून तिच्यांतून शेजारच्या कोंबड्या ये-जा करूं लागल्या, म्हणजे ह्या घरांत कोणाचें कोठें लक्ष नाहीं हें रस्त्यानें जाणाऱ्या तिऱ्हाइतासहि समजून चुकतें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या चांदूर बाजारच्या घराची स्थिति अशीच झाली होती. ती सुधारतांना जें शिकावयास मिळालें तें येथें सांगण्याचा विचार आहे. कारण अशीं वाळत चाललेलीं कुंपणें वऱ्हाडांत घरोघर दिसतात, आणि त्यांवर जे उपाय केले जातात ते बहुधा रोग वाढविणारेच असतात.

आमचें चांदूर म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील 'बाजारा'चें चांदूर, 'रेल्वे'चें नव्हे. नरखेड-बडनेरा लोहमार्ग झाल्यापासून आगगाडी आमच्याहि गांवीं येते. त्यामुळें ह्या खुणेंत आतां फारसा अर्थ उरला नाहीं, पण नांवें तींच चाललीं आहेत. गांवाभोंवतीं संत्र्यांच्या बागा, आणि पायांखालीं वऱ्हाडची प्रसिद्ध काळी जमीन. ही जमीन कपाशीला आईसारखी आणि दारच्या झाडाझुडपांना सावत्र आईसारखी वागते. पावसांत ती फुगते, चिकट होते आणि पाणी धरून बसते. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर गेला कीं तिला कोपरभर हात जाईल अशा भेगा पडतात. मुळें ह्या दोहोंच्या मध्यें सांपडतात.

आमच्या आजोबांनीं घर बांधलें आणि आजीनें त्याला मेंदीची वई लावली, ह्या गोष्टीस साठ-सत्तर वर्षें होऊन गेलीं. ही वई रस्त्याच्या कडेनें पन्नासएक हात जाते, मग काटकोनांत वळून आमचें अंगण आमच्या चुलत बंधूंच्या अंगणापासून वेगळें करते. मागच्या पिढींत वांटण्या झाल्या तेव्हां ही हद्द आयतीच मिळाली. भांडण असें दोन्ही घरांत कधीं झालें नाहीं. परंतु बोलण्याचे प्रसंग वर्षागणिक कमी होत गेले, आणि पुढें पुढें महालक्ष्म्यांच्या जेवणाचें आमंत्रणहि मुलांच्या हातीं जाऊं लागलें. वई वाळूं लागली तेव्हां आमच्या थोरल्या बंधूंनीं विटांच्या भिंतीचा अंदाज काढला. पलीकडे चुलत बंधूंनींहि तोच काढला होता असें मागाहून कळलें. बऱ्याच वर्षांत दोन्ही घरांचें एकमत झालेला हा पहिलाच विषय!

आमचे पहिले उपाय चारचौघांसारखेच होते. पानें पिवळीं पडलीं, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, म्हणून कोणीं हिराकस फवारावयास सांगितला. पंधरा दिवस हिरवेपणा आला आणि गेला. मग युरिया टाकला. शेंड्यांना लुसलुशीत फूट आली, ती एरंडीवरच्या उंटअळीनें चार रात्रींत फस्त केली. (ही अळी नांवाला एरंडीची, मेंदीवरहि तिचा तितकाच लोभ असतो.) रोज संध्याकाळीं आळीपाळीनें बादलीनें पाणी घातलें. तळ उघडा दिसतो तो झांकला जावा म्हणून वरच्या फांद्या मोकळ्या सोडल्या. त्या खालीं वांकतील ही आशा. त्या वांकल्या नाहींत, उलट आकाशाकडे गेल्या, आणि खालचे बुंधे अधिकच उघडे पडून वई एखाद्या रेघोट्यांच्या चित्रासारखी दिसूं लागली.

शेवटीं परतवाड्याकडील एका वृद्ध माळ्यास बोलाविलें. त्यानें कात्री मागितली नाहीं, पहार मागितली. आम्हांस नवल वाटलें. परंतु ह्या सर्व प्रकरणांत शहाणपणाची पहिली गोष्ट झाली ती हीच. रस्त्याच्या बाजूला त्यानें वीतभर खणलें तों खालीं चिखल लागला. मुळें काळीं पडलेलीं, बोटांनीं ओढतांच साल हातांत यावी अशीं, आणि त्यांना गटाराचा वास. मग वळणापलीकडे, दोन अंगणांच्या मधल्या पट्ट्यांत, खणलें. तेथें पहार दगडावर आपटावी तशी वाजली. माती कोरडी ठणठणीत, भेगांत मुळें तटातट तुटलेलीं, आणि वाळक्या बुंध्यांच्या पोटांत उधई. एकच वई, एकच झाड, संध्याकाळची बादलीहि तीच. आणि एक बाजू बुडून मरत होती, दुसरी तहानेनें!

कारणें शोधूं लागतां तीं दूर नव्हतीं. आमच्या दारावरून जाणारा रस्ता दर वेळीं जुना न खोदतां त्यावरच नवा थर देऊन केला गेला. त्यामुळें पूर्वीं जो अंगणाच्या सपाटीला होता तो आतां हातभर उंच आहे. रस्त्यावरचें सारें पावसाचें पाणी वईच्या पायांशीं उतरतें, आणि सोबत गाळ आणतें. त्या गाळांत बुंधे वीतभर पुरले गेले होते. झाडाची मान मातींत गेली म्हणजे तें गुदमरतें. काळ्या जमिनींत तर निश्चितच, कारण ती ओली झाली कीं हवेची वाट बंद होते. मेंदी ही मूळची कोरड्या प्रदेशांतली. ती दुष्काळ सोसते, उपास सोसते. पायांत साचलेलें पाणी मात्र सोसत नाहीं.

दुसऱ्या बाजूची गोष्ट अधिक मनाला लागणारी होती. तेथें पूर्वीं दोन्ही घरांच्या न्हाणीच्या मोऱ्या उघडत असत. सकाळीं पंधरा-वीस माणसांचें स्नान होई, आणि तें सर्व पाणी वईच्या मुळाशीं जाई. पुढें दोन्ही घरांत नवीं न्हाणीघरें झालीं, नळ्या थेट गटारास जोडल्या गेल्या, आणि मोऱ्या बुजविल्या गेल्या. पाणी थांबलें तें कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं, कारण तें कोणीं मुद्दाम घातलेलें नव्हतेंच. साठ वर्षें आमच्या वईला कोणीं पाणी दिलें असें कोणासच आठवत नव्हतें. 'मेंदीला पाणी लागत नाहीं' असा तिचा लौकिक मात्र झाला होता.

तिसरा दोष कात्रीचा. वईच्या बाजू सरळ उभ्या कापल्या कीं वरचा पसारा आपोआप रुंद होतो, खालच्या पानांना ऊन मिळत नाहीं, आणि जेथें ऊन नाहीं तेथें मेंदी पान धरीत नाहीं. आपल्याकडील जुन्या गढ्यांच्या भिंती ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. त्या तळाशीं रुंद आणि वर निमुळत्या असतात. वईचा आकार तसाच हवा. शहरांतल्या बागांतून चौकोनी पेटीसारख्या कापलेल्या वया दिसतात त्या दिसावयास नीटस असतात. त्यांचा तळ मात्र वांकून पाहावा. ह्यांखेरीज कोपऱ्यावर अमरवेल चढली होती, तिचे पिवळे दोरे कोणीं तरी 'शोभा येते' म्हणून राहूं दिले होते. त्यावर अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. अमरवेल ज्या फांदीवर आहे ती फांदी तिच्यासकट कापून, ती फुलण्यापूर्वीं, वाळवून जाळावी. नुसते दोरे ओढल्यानें तुटक्या तुकड्यांतून ती पुन्हा फुटते.

माळ्यानें एका बुंध्याची साल तळाशीं नखानें खरवडून दाखविली. आंत हिरवी होती. "हे झाड मेलं नाई जी," तो म्हणाला, "याचा जीव बुडात हाये. वरचं सारं काढा." सारें म्हणजे किती, असें विचारल्यावर त्यानें आपली वीत जमिनीवर उभी धरली. पुरुषभर उंचीची वई वीतभर करावयाची! घरांत हाहाकार झाला. थोरले बंधू म्हणाले कीं, मारावयाचीच असेल तर माळ्याला पैसे कशाला द्यावयाचे, भिंतीचे गवंडी तें काम फुकट करतील.

हा वाद चालू असतांनाच एका फार मोठ्या कुंपणाचा इतिहास आमच्या वाचनांत आला. इंग्रज अमदानींत मिठावरील जकात चुकूं नये म्हणून सरकारनें उत्तरेस सिंधु नदीपासून आमच्या शेजारच्या बऱ्हाणपुरावरून पूर्वेस महानदीकडे जाणारी एक जकात-रेषा आंखली होती. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारें २३०० मैल होती, आणि तिच्यावर १२,००० च्या आसपास माणसें पहाऱ्याला होतीं. ह्या रेषेच्या पुष्कळशा भागावर कांट्यांचें कुंपण होतें. आरंभीं तें वाळक्या कांट्यांचें, म्हणजे आपल्याकडे शेताला करतात तसल्या कुपाटीचें होतें. पुढें १८८५ सालीं राष्ट्रसभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे १८६७ पासून १८७० पर्यंत ह्या खात्याचे मुख्य होते. त्यांनीं हिशेब केला तों मैलभर वाळक्या कुपाटीला २५० टन कांटे लागत, आणि उधई, उंदीर, वादळ व वणवा ह्यांच्या पायीं तिचा मोठा भाग दर वर्षीं नव्यानें घालावा लागे. म्हणून त्यांनीं जिवंत कुंपणाचा प्रयोग हातीं घेतला. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर, जेथें जें येईल तें लावून पाहिलें. जेथें माती वाईट तेथें चर खणून चांगली माती आणून भरली, आणि जेथें पाणी साचे तेथें बांध घालून त्यावर लावणी केली. १८७८ सालीं ४०० मैलांहून अधिक कुंपण पूर्ण व सजीव झाल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षीं ती जकात-रेषा रद्द झाली आणि कुंपण मोडीत निघालें. गरिबाचें मीठ महाग करणाऱ्या त्या कुंपणासाठीं कोणाच्या डोळ्यांत पाणी आलें नसेल. लोक तें इतके विसरले कीं रॉय मॉक्सहॅम ह्या इंग्रज लेखकास विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा मागमूस शोधीत हिंडावें लागलें. २००१ सालीं त्यांचें त्यावरील पुस्तक निघालें.

त्या इतिहासांतील जकात आम्हीं सोडून दिली आणि चर तेवढा उचलला. एवढें मोठें राज्य चालविणाऱ्या सरकारला जर आधीं मातीची व्यवस्था करावी लागली, तर आम्हीं हिराकसाच्या पुडीवर विसंबणें हा मूर्खपणाच होता. परंतु दोन अंगणांच्या मधली वई दोन्ही घरांच्या मालकीची. पलीकडच्या संमतीवांचून तिला हात लावतां येत नव्हता, आणि एक बाजू छाटून दुसरी ठेवण्यांत कांहींच अर्थ नव्हता. निरुपायानें आम्ही काकूंकडे गेलों. चुलत बंधूंच्या ह्या मातोश्री ऐंशी उलटलेल्या. घरांत वडील असें माणूस आतां त्या एकच. त्यांच्या सासूबाईंच्या हातची वई बुडापासून कापावयाची हें कोणत्या तोंडानें सांगावें, ह्याचीच आम्हांस धास्ती होती.

काकूंनींच आरंभ केला. "काय रे, भिंत बांधून राहिले म्हणे तुम्ही?"

आम्हीं माळ्याचें म्हणणें सांगितलें. त्या थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मी या घरात आले ना, त्याच साली मृगात सासूबाईंनी ही मेंदी बुडापासून छाटून घेतली होती. मला मेलीला वाटलं, नवी सून आली न् दारची मेंदी गेली; लोक काय म्हणतील! दोन दिवस घास गोड लागला नाही. अन् श्रावणात मंगळागौरीला त्याच बुडख्यांची पानं वाटून माझ्या हाताला लावली त्यांनी." थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "नंतर कोणी छाटलीच नाही का रे?"

कोणीं छाटली नव्हती. शोभा जाईल म्हणून प्रत्येकानें फक्त शेंडे खुडले होते. राजस्थानांत पाली जिल्ह्यांतील सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे, २०२१ सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. तेथला शेतकरी पीक घेतांना दर वर्षीं झाड जमिनीलगत कापतो, आणि तींच बुडखीं त्याला वीस-वीस वर्षें पानें देतात. म्हणजे माळी, काकू आणि सोजतचा शेतकरी ह्यांचें मत एकच पडलें. थोरल्या बंधूंनीं एक वर्षाची मुदत दिली. पुढच्या पोळ्यापर्यंत वई उभी राहिली नाहीं तर पाया खणावयाचा.

मे महिन्यांत आधीं मातीचें काम केलें. रस्त्याच्या बाजूला वईपासून हातभर अंतरावर दीड हात खोल चर खणून त्याला उतार दिला, आणि विटांचे तुकडे व मुरूम टाकून तो भरला. आतां रस्त्याचें पाणी वईशीं न थांबतां त्यांतून निघून जातें. बुंध्यांवरचा गाळ हळूहळू काढून माना उघड्या केल्या. मधल्या पट्ट्याला दोन्ही घरांच्या न्हाणीचें पाणी परत आणलें. हें काम दिसावयास क्षुल्लक, पण त्यासाठीं दोन्ही घरचे लोक एका सकाळीं एकाच नळीच्या दोन टोकांना बसले होते. एक सूचना मात्र महत्त्वाची आहे. पूर्वीं मोरींत शिकेकाईचें व रिठ्याचें पाणी येई. आतां कपडे धुण्याच्या भुकटींत सोड्याचे क्षार असतात, आणि काळ्या मातीला ते दगडासारखी करून सोडतात. म्हणून अंघोळीचें पाणी वईला द्यावें. धुण्याच्या यंत्राचें देऊं नये.

मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर छाटणी केली. कोयत्यानें बुडखीं फाटतात, म्हणून करवत वापरली. जाड कापांना मोरचूद व चुना ह्यांचा लेप लावला. मेंदीचें शास्त्रीय नांव लॉसोनिया इनर्मिस, ह्यांतला दुसरा शब्द 'निःशस्त्र' अशा अर्थाचा आहे. लॉसन नांवाच्या स्कॉटिश वैद्याच्या सन्मानार्थ हें नांव ठेवणाऱ्या लिनियसनें आमची जुनी वई पाहिली नव्हती. मेंदीच्या जून फांद्यांना चांगले टोंकदार कांटे येतात, आणि त्या दिवशीं घरांतील प्रत्येक कर्त्या पुरुषाच्या हाताला चिंध्या बांधलेल्या होत्या. संध्याकाळीं जें उरलें तें पाहवत नव्हतें. दोन्ही अंगणें एक झालीं होतीं, रस्त्यावरून थेट माजघरापर्यंत दिसत होतें, आणि पलीकडच्या वहिनींना आमच्या ओट्यावर काय वाळत घातलें आहे हें प्रथमच नीट दिसलें. गुरांच्या आणि पोरांच्या पायांपासून जपावें म्हणून भोंवतीं बाभळीच्या फांद्यांची कुपाटी घातली.

पंधरा दिवस कांहींच झालें नाहीं. थोरले बंधू रोज सकाळीं दांत घासतांना बुडख्यांवरून नजर फिरवीत आणि कांहीं न बोलतां आंत जात. तें न बोलणेंच फार होतें. तिसऱ्या आठवड्यांत काकूंच्या बाजूच्या एका बुडख्यावर तांबूस कोंब दिसले. तीं पाहिलीं काकूंच्या नातीनें, आणि सांगावयास ती धांवत आमच्याकडे आली. श्रावण लागेपर्यंत मधल्या पट्ट्यांतील बहुतेक बुडखीं फुटलीं. रस्त्याच्या बाजूचीं मुळें अधिक सडलेलीं होतीं. तेथें मात्र सुमारें तिसरा हिस्सा गेला तो गेलाच.

ह्या गेलेल्या जागा भरतांना आमची एक चूक झाली ती वाचकांनीं करूं नये. पेन्सिलीइतक्या जाड, वीतभर लांब काड्या तोडून आम्हीं त्या जागीं तशाच खोंचल्या. त्या फुटल्या, आणि ऑक्टोबरच्या उन्हांत सर्व वाळल्या. शेजारच्या जुन्या झाडांचीं मुळें नव्या रोपाला पाणी मिळूं देत नाहींत. दुसऱ्या वर्षीं तेथें हात-दीड हात खोल खड्डे खणून आंत शिरलेलीं जुनीं मुळें तोडलीं, पांढरीची माती व कुजलेलें शेणखत भरलें, आणि घराच्या मागें वाफ्यांत मुळें धरवून घेतलेलीं रोपें लावलीं. तीं जगलीं. जेथें शेजारची फांदी पुरेशी लांब होती तेथें तीच वांकवून, मातींत दाबून, वर दगड ठेवला; तिनें स्वतःच मुळें धरलीं.

पुढच्या कापणीबाबत एवढेंच सांगतों कीं, नवी फूट वीतभर झाली कीं ती निम्मी खुडावी, पुन्हा वाढली कीं पुन्हा खुडावी, आणि तळ दाट झाल्याशिवाय उंचीचा मोह धरूं नये. हें कठीण जातें. कोंवळी फूट वर जाऊं लागली कीं ती जाऊं द्यावी असेंच घरांत सर्वांना वाटतें, विशेषतः लहान मुलांना. दिवाळीनंतर कात्री लावूं नये. थंडींत मेंदी वाढत नाहीं. ज्यांना सारी वई एकदम कापण्याचें धैर्य होत नाहीं त्यांनीं एका वर्षीं अर्धी आणि पुढल्या वर्षीं अर्धी कापावी. परंतु जी कापावयाची ती वीतभरच ठेवावी. कंबरेइतकी कापून पाहणारे पुष्कळ असतात. त्यांची वई कंबरेच्या वर फुटते आणि खालीं होती तशीच राहते.

ह्या गोष्टीला आतां तीन पावसाळे झाले. वई छातीइतकी आहे, आणि तळापासून पान धरून आहे. पोळ्याची मुदत येऊन गेली तेव्हां तिच्याविषयीं कोणीं कांहीं बोललें नाहीं. विटांच्या अंदाजाच्या कागदावर पुढें वहिनींनीं वाण्याचा हिशेब लिहिलेला आढळला. नागपंचमीच्या आधींची छाटणी आतां दोन्ही घरें मिळून करतात आणि पानें काकूंच्या पाट्यावर वाटलीं जातात. त्यांना स्वतःला वाटवत नाहीं, पण कात किती घालावयाचा हें त्या सांगतात.

मधल्या पट्ट्यांत विहिरीजवळ चार हातांचा एक तुकडा मात्र भरून आला नाहीं. दोनदां खड्डे करून रोपें लावलीं. दोन्ही वेळां तीं तुडवलीं गेलीं. आमच्या व त्यांच्या मुलांचा रस्ता तेथूनच आहे. तिसऱ्या खेपेला खड्डा खणावयास गेलों तों थोरल्या बंधूंनीं तेथें दोन फरश्या आणून टाकल्या होत्या.